शके 1641 आणि संपलेला कट

आमच्या लग्नाला 27 वर्षं झाली, पण ह्यांना पाट्या वाचायचं व्यसन आहे हे मला साखरपुड्यात कुणी सांगितलं नव्हतं. पुरातत्त्व खात्याची पाटी दिसली की ह्यांचे पाय थबकतात, कपाळावरचा चष्मा नाकावर येतो आणि खणखणीत आवाजात वाचन सुरू होतं. आधी मराठी. मग तीच पाटी इंग्रजीत, ‘काही सुटलं तर नाही ना’ ते बघायला. मी मूळची सांगलीची. गावात शिरल्यावर मला पाट्या दिसतच नाहीत, फोडणीचा वास येतो.

अशा दोघांनी पुण्याहून तीन दिवसांची सहल काढली. ठिकाणं ह्यांची, खाणावळी माझ्या, भांडणाचं कारणच नको. एकच गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. किल्ला आणि मिसळ, दोन्हींचा मुहूर्त सकाळचाच. ऊन चढलं की किल्ला चढवत नाही आणि ऊन चढलं की मिसळ उरत नाही.

पहिल्या दिवशी वाईत नाश्ता ठरला होता. त्याआधी ‘फक्त पाच मिनिटं’ मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, घाट आणि वसईच्या मोहिमेतून आलेली ती पोर्तुगीज घंटा. घंटा बघता बघता नाश्त्याचे बारा वाजले. मग साताऱ्याच्या अलीकडे लिंबला बारा मोटेची विहीर. खरं सांगते, विहीर बघण्यासारखीच आहे. विहिरीच्या पोटात चक्क महाल आहे आणि बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत गारवा. पण ह्यांना शिलालेख सापडला.

“विरूबाई भोसल्यांनी बांधली. शके 1641 ते 1646. म्हणजे इसवी सन किती गं?”

उपाशी पोटी मी 78 मिळवले. 1719 ते 1724. मग मोटांच्या जागा मोजल्या. माझ्या बारा आल्या, ह्यांच्या पंधरा. पुन्हा मोजल्या. तोवर शेजारच्या शाळेच्या सहलीतली पोरं डबे खाऊन, हात धुऊन, आमची मोजणी बघत बसली होती.

कोल्हापुरात पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. खाणावळी बंद, संध्याकाळी सातला उघडणार. दुपारचं जेवण म्हणून आम्ही गाडीत बसून साताऱ्याहून घेतलेले पाव किलो कंदी पेढे खाल्ले. रात्री मात्र तांबडा-पांढरा मिळाला. तिथंही हे वाढप्याला विचारायला लागले, पांढऱ्या रश्श्यात खसखस किती, हा प्रकार नेमका कधीपासूनचा. तो बिचारा दोन्ही हातांत वाट्या घेऊन उभा. शेवटी म्हणाला, “साहेब, तुमचा रस्सा गार व्हायलाय.” त्या माणसाला मी बक्षिसी जरा जास्तच दिली.

दुसऱ्या दिवसासाठी तह झाला. पहाटे पन्हाळा, अकराच्या आत खाली, मग मिसळ. गडावर धुकं होतं, तीन दरवाजा रिकामा होता, सज्जा कोठीवरून खालचं खोरं दिसत होतं. मीसुद्धा क्षणभर मिसळ विसरले. तेवढ्यात अंबरखाना आला. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची तीन प्रचंड कोठारं.

“25 हजार खंडी धान्य मावायचं इथं!” हे म्हणाले. माझ्या पर्समध्ये ग्लुकोजच्या बिस्किटांचा अर्धा पुडा होता.

मग 1660 चा वेढा सुरू झाला. सिद्दी जौहर कुठं बसला असेल, राजदिंडीची वाट कोणती, विशाळगड कुठल्या बाजूला, हे सगळं मला हाताला धरून दाखवण्यात आलं. महाराज आषाढातल्या त्या पावसाळी रात्री एवढ्या मोठ्या वेढ्यातून निसटले. मला एका निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या तावडीतून निसटता येईना.

मिसळीच्या दारात पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मालक बाकडी पुसत होता.

“ब्रेड हाय वहिनी. कट संपला.”

ज्यांनी खाल्लीय त्यांना या वाक्यातलं दुःख कळेल. कट नाही म्हणजे उरली मोडाची उसळ आणि फरसाण, म्हणजे आजारी माणसाचा डबा. शेजारी पान लावत असलेल्या गृहस्थांनी आमची तोंडं बघितली आणि म्हणाले, “बरं झालं संपली. हितली खायाचीच नसती. आमच्या पेठेत जावा.” हे ऐकून स्कूटरवरचे एक थांबले. त्यांच्या मते खरी मिसळ तिसऱ्याच पेठेत होती. पाऊण तास त्या दोघांचं भांडण आणि आमची गाडी गल्लीबोळांतून फिरत राहिली. दोन्हीकडे कट संपला होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. खिद्रापूरच्या वाटेवर पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर कर्णा लावून गाणी, आणि ओव्हरटेक करायला जागा नाही. मला ती गाणी बरी वाटली. निदान कुणीतरी आवाज करत होतं.

कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात छताला मधोमध मोठं वर्तुळाकार भोक आहे. 48 खांब, आणि वर निळं आभाळ. पाटी वाचायला हे पुढं झाले नाहीत, हे बघून मलाच कसंतरी झालं. तेवढ्यात एक आजी आपल्या नातवाला गोष्ट सांगत आल्या. दक्षाच्या यज्ञात सती गेली म्हणून शंकर कोपला, तो हा कोपेश्वर. त्याची समजूत काढायला विष्णू आला, तो शेजारचा धोपेश्वर.

“आणि नंदी कुठाय?” नातवानं विचारलं.

“त्योच सतीला म्हायेरी घेऊन गेल्ता न्हवं? त्यो तिकडं यडूरला बसलाय, कर्नाटकात.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. सांगली तिथून फार लांब नाही.

“मला माहेरी सोडा,” मी म्हटलं. दोन दिवसांतलं माझं पहिलं वाक्य.

ह्यांनी मुकाट्यानं गाडी काढली. वाटेत नृसिंहवाडी लागते. दर्शन झालं, आणि घाटावरून वर येताना हे एका मिठाईच्या दुकानापुढं थबकले. चष्मा नाकावर आला.

“बासुंदी,” खणखणीत आवाजात वाचन सुरू झालं. “पेढे. कवठाची बर्फी...”

“पुन्हा वाचा,” मी म्हटलं. “वरपासून. सावकाश.”