खुर्ची भंगार ठरवली कोणी?

आज सकाळी परदेशातल्या एका लिलावाची जाहिरात पाहिली आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. सागवानाची, वेताने विणलेली खुर्ची, आणि तिच्या पाठीवर रंगवलेला चंडीगडच्या सरकारी कार्यालयाचा क्रमांक तिथे दागिन्यासारखा मिरवलेला!

वास्तुकलेची विद्यार्थिनी असताना सहलीत हीच खुर्ची मी चंडीगडच्या एका सरकारी व्हरांड्यात पाहिली होती. वेत फाटलेला, त्या जागी नायलॉनची दोरी आवळलेली. तिथल्या वयस्कर शिपायांनी उठून आमच्या सरांना ती बसायला दिली, पण त्याआधी खांद्यावरच्या पंच्याने पुसली.

चंडीगडची आखणी करणारे वास्तुकार ल कार्बुझिए यांनी तिथल्या विधानभवनात खांबांच्या विस्तीर्ण दालनातून थेट छताबाहेर झेपावणारे, वीजकेंद्राच्या शीतकरण मनोऱ्यासारखे गोल सभागृह उभारले. या नव्या राजधानीतल्या इमारतींसाठी त्यांचे चुलत भाऊ पिएर जाँनरे, यूली चौधरी आणि इतर सहकाऱ्यांनी इथल्याच सागवानातून आणि वेतातून टेबलखुर्च्या घडवल्या. आमदारांच्या बाकापासून कारकुनाच्या खुर्चीपर्यंत सगळ्याचा विचार एकत्र झाला होता. २०१६ साली युनेस्कोने विधानभवनाच्या परिसराला जागतिक वारसा म्हटले, तेव्हा आपण पेढे वाटले. तोवर कितीतरी खुर्च्या मात्र भंगाराच्या भावाने विकून झाल्या होत्या.

त्या परदेशात विकणाऱ्या व्यापाऱ्यांचा राग येतोच. पण त्यांनी त्या रीतसर सरकारी लिलावात घेतल्या आणि दुरुस्त केल्या, नाहीतर त्यांतल्या अनेक चुलीत गेल्या असत्या, हे मान्य करावे लागते. मग डेडस्टॉकच्या, म्हणजे कार्यालयातल्या टिकाऊ सामानाच्या, नोंदवहीत ‘निरुपयोगी’ असा शेरा मारून सही करणाऱ्यांना काय म्हणावे? त्या शिपायांना जे कळत होते, ते खुर्चीत बसून सह्या करणाऱ्यांना का कळू नये?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला, कारण दोष एकट्या कारकुनाचा नाही. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षे न झालेली वस्तू पुरावस्तू ठरत नाही, म्हणून परदेशातले लिलाव थांबवायला आपल्या हाती फारसे काही उरत नाही. ही शंभर वर्षांची अट अशा वास्तूंमधल्या सामानापुरती तरी बदला. जे उरले आहे त्याच्या प्रत्येक नगाची छायाचित्रासह यादी जाहीर करा, आणि फाटलेला वेत विणायला कारागीर नेमा. वेत विणणारे हात या देशात अजून आहेत. त्यांना काम द्या.