जॉबर म्हने का

नागपुरातला माणूस सरळ प्रश्न विचारत नाही. तो आधी दुसऱ्या कुणीतरी विचारलेला प्रश्न सांगतो, मग त्यावर आपण काय उलट विचारलं ते सांगतो आणि शेवटी ऐकणाऱ्यालाच गाठतो, "बरोबर हाय का नाई?" पानठेल्यावर हे ऐकायला गोड लागतं. कागदावर उतरवायची वेळ आली की घाम फुटतो. मे महिन्यात तर तो आधीच फुटलेला असतो.

निवृत्तीनंतर मी एका संस्थेसाठी जुन्या गिरणी कामगारांच्या मुलाखती टंकून देतो. गिरणी म्हणजे आपली एम्प्रेस मिल. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्या मुहूर्तावर सुरू झाली, म्हणून ते नाव. आता भोंगा नाही, मिल नाही. पण तिथले म्हातारे पाळी, पगार आणि जॉबर (म्हणजे कामगारांवरचा मुकादम) या तीन विषयांवर तासन् तास बोलू शकतात. तासभराच्या मुलाखतीला चार तास टायपिंग, असा या कामातला ढोबळ हिशोब असतो. त्यात अवतरणचिन्हं धरलेली नसतात.

संस्थेच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, बोललेत तस्संच उतरवायचं. एक शब्द इकडचा तिकडे नको. विरामचिन्हं तेवढी तुम्ही द्या." म्हणजे शब्द त्यांचे आणि अर्थ माझा. एवढी मोठी जबाबदारी नोकरीत कुणी दिली नव्हती.

आता साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेल्या एका आजोबांचं हे वाक्य बघा. कोऱ्या करकरीत अवस्थेत देतो:

मी त्याले म्हनलं का तू मले इचारतं का मी कोन

बस. 'त्याले' म्हणजे जॉबरला. आमच्याकडे 'की'चं काम 'का' करतो आणि प्रश्नाचा 'का' वेगळा असतोच. म्हणजे या दोन 'का'पैकी कोण शिपाई ('की'वाला) आणि कोण साहेब (प्रश्नवाला), ते चेहऱ्यावरून कळत नाही. दोन्ही शिपाई धरले, तर आजोबांनी जॉबरला सुनावलं की, "तू मला 'मी कोण?' असं विचारतोस!" दुसरा साहेब धरला, तर आजोबा नम्र होतात: "मला विचारतोस का? मी कोण!" पहिलाच साहेब निघाला, तर सगळंच उलटतं: "मी त्याला म्हटलं का? (मुळीच नाही.)" शिवाय 'मी' कोण, हे वेगळंच. जॉबर छाती फुगवून 'मी कोण माहीत आहे का' म्हणत होता, की आजोबा स्वतःबद्दल बोलत होते? एका ओळीत दोन माणसं भांडत आहेत आणि दोघांना मिळून माझ्याकडे एकच प्रश्नचिन्ह आहे.

आवाजावरून ओळखा, असं लोक सांगतात. मराठीत 'आला' आणि 'आला?' यांत फरक फक्त शेवटी वर चढणाऱ्या सुराचा, हे खरं. पण मुलाखत मे महिन्यातली. कूलर चालू ठेवला तर त्याची घरघर नेमका तोच चढलेला सूर गिळते. कूलर बंद केला तर आजोबा बंद होतात.

शाळेत शिकवलेला नियम सोपा होता. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे असतील तर दुहेरी अवतरणात घाला, प्रश्नचिन्ह आत. प्रश्नाची नुसती हकीकत असेल तर पूर्णविराम. 'तो कधी येणार, असं तिने विचारलं.' इथे कुणी काही विचारत नाही, बातमी आहे. अवतरणाच्या आत अवतरण आलं तर एकेरी. आतलाही प्रश्न आणि बाहेरचाही प्रश्न असेल, तर इंग्रजीवाले म्हणतात एकच चिन्ह पुरे, आतलंच ठेवा. तिकडे अमेरिकेत स्वल्पविराम आणि पूर्णविराम डोळे मिटून अवतरणाच्या आत ढकलतात. पण प्रश्नचिन्हापाशी त्यांनाही थांबून विचार करावा लागतो की प्रश्न आतल्याचा की बाहेरच्याचा. हे वाचून मला फार बरं वाटलं.

या सगळ्या नियमांना बोलणारा 'म्हणाला' हे एका जागी ठेवेल अशी खात्री असते. नागपुरात 'म्हने' वाक्याच्या पोटात कुठेही बसतो. "तुह्याकडं म्हने छत्री हाय का." हे अवतरण फोडायचं किती ठिकाणी? आणि "काय बोलून राह्यला बे" हा प्रश्न, राग की कौतुक? न्यूयॉर्कच्या मार्टिन स्पेक्टर नावाच्या जाहिरातवाल्याने १९६२ साली प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह एकमेकांवर बसवून नवं चिन्ह सुचवलं होतं. ते फारसं चाललं नाही. तो आठ दिवस आमच्या नागपूरच्या इतवारीत राहिला असता तर मागणी कमी पडली नसती. स्पॅनिश लोक प्रश्नाच्या सुरुवातीलाही एक उलटं प्रश्नचिन्ह टाकतात. वाचणाऱ्याची सोय होते, मान्य. पण मग टंकणाऱ्याला प्रश्न कुठे सुरू झाला तेही ठरवावं लागणार. असली सोय शत्रूलाही नको.

मला हेवा वाटतो तो म्हाइंभटांचा. तेराव्या शतकात, इथून जवळच्या रिद्धपुरात बसून, चक्रधरांच्या आठवणी लोकांना विचार विचारून त्यांनी लिहून काढल्या. आमच्याच धंद्यातले. पण 'सर्वज्ञें म्हणीतलें' (म्हणजे चक्रधर म्हणाले) लिहायचं आणि पुढे जायचं. चिन्हांची कटकटच नाही. भोसल्यांच्या दरबारातले मोडी लिहिणारे कारकून तर शब्दसुद्धा तोडत नसत. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडीसाहेबांनी ही इंग्रजी चिन्हं मराठीत रुजवली, आणि त्याचं बिल आता माझ्या टेबलावर आलं आहे. माझ्या फोनला बोलून टंकायला सांगावं तर तो मराठीत एकही चिन्ह देत नाही. भोसल्यांच्याच चाकरीतला असावा.

मॅडमना तीनही पाठ पाठवले. त्या म्हणाल्या, "काका, आजोबांनाच विचारून या ना."

गेलो. महाल भागातली बोळ, दुपारचं ऊन, रेकॉर्डर खिशात चालू. म्हटलं, "आजोबा, ते तुम्ही जॉबरला म्हणालात ना, त्यातला 'मी' म्हणजे तुम्ही की जॉबर?"

आजोबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आता मी तुमाले सांगतलं ना का तो मले म्हने का तुले मालूम नाई का, तं मी म्हनलं का मले काहून इचारतं, तं तो म्हने का मंग कोनाले इचारू. आलं का ध्यानात?"

नवीन वाक्य, नवीन शब्द, जुन्याचा मागमूस नाही. मी पुन्हा विचारणार, तेवढ्यात आतून पाण्याचा गडवा घेऊन आजी आल्या.

"कायचा जॉबर न् कायचं काय! जॉबरपुढं यायचं तोंड कवा उघडलं? रातच्याला घरी येऊन मलेच इचारत, का मी त्याले असं म्हनलं असतं तं तो काय म्हनला असता."

आजोबा पाणी पीत राहिले. म्हणजे म्हणणाऱ्यानं म्हटलं नव्हतं, ऐकणाऱ्यानं ऐकलं नव्हतं, आणि मी त्याला दुहेरीच्या आत एकेरी घालत बसलो होतो. आजींचं वाक्य तर मुलाखतीत आलंच. रेकॉर्डर चालू होता. त्यात न विचारलेल्या प्रश्नाचं न दिलेलं उत्तर, तेही विचारलेल्या प्रश्नाच्या पोटात. यासाठी कँडीसाहेबांनी काही सोय केलेली मला सापडली नाही.

घरी पोचेपर्यंत मॅडमचा व्हॉट्सॲपवर निरोप: 'काका मग आजोबांनी विचारलं होतं का नव्हतं ते कळलं का'

एवढ्या लांब ओळीत एकही चिन्ह नाही. मी उत्तरात फक्त एक प्रश्नचिन्ह पाठवलं.

लगेच उत्तर आलं: 'कुणाचं'