टायरला तेल पाजू नका

पावसाळा सरला की गाड्या धुवायचे मेसेज फिरू लागतात. त्यातला एक यंदा मला तीन ग्रुपवर आला आणि आमच्या सोसायटीतल्या दोघांनी तो करूनही पाहिला, म्हणून हे लिहिते आहे. मजकूर थोडक्यात असा: वॉशिंग सेंटरला पाचशे रुपये घालवू नका. चाकं गरम असतानाच पाणी मारा, मळ पटकन सुटतो. अलॉय चाकांवर संडास धुण्याचं निळं लिक्विड ओतून दहा मिनिटं ठेवा आणि तारेच्या घासणीने घासा. मग डिझेलमध्ये जुनं इंजिन ऑइल मिसळून टायरला चोळा. रबर तेल पितं, भेगा पडत नाहीत, टायर नव्यासारखा होतो. शेवटी, ‘गॅरेजवाले हे सांगणार नाहीत.’

सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट टायरला तेल चोळण्याची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

‘रबर तेल पितं’ हे अक्षरशः खरं आहे, आणि धोका नेमका तोच आहे. मोटारीच्या टायरमध्ये झाडाच्या चिकापासून केलेलं रबर असतं आणि पेट्रोलियमपासून केलेलं कृत्रिम रबरही असतं. हे मिश्रण पाण्याला दाद देत नाही, पण डिझेल, पेट्रोल, रॉकेल त्यात सहज शिरतं. रबर फुगतं, मऊ पडतं, त्याची ताकद जाते. खात्री करायची असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. एक पट्टी वाटीभर डिझेलमध्ये रात्रभर बुडवून घराबाहेर, विस्तवापासून लांब ठेवा आणि सकाळी दुसरीच्या शेजारी ठेवून मोजा. ती लांब झालेली असेल, जाड झालेली असेल, आणि ओढली तर पूर्वीपेक्षा लवकर तुटेल.

हा समज येतो कुठून, ते मला कळतं. कोल्हापुरी चपलेला आपण तेल लावतो, लाकडी दाराला लावतो, आणि त्या वस्तू खरोखर टिकतात. चामडं आणि लाकूड सुकून तडकतं. टायरच्या भेगांचं मुख्य कारण मात्र सुकणं नाही, हवेतला ओझोन आणि ऊन हे आहे. म्हणूनच टायर बनवताना रबरातच मेण आणि ओझोनला अडवणारं रसायन घातलेलं असतं. गाडी चालते तेव्हा टायरची भिंत, म्हणजे बाजूचा उभा भाग, सतत वाकते आणि सरळ होते, आणि ही द्रव्यं हळूहळू आतून वर येत राहतात. महिनोन् महिने एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीचे टायर लवकर तडकतात, त्यामागे हेही एक कारण आहे. धुतल्यावर काही दिवसांनी भिंतीवर जी तपकिरी झाक परत दिसते, ती बरेचदा याच रसायनाची असते. डिझेलचा बोळा फिरवलात की ते वरचं कवच पुसून निघतं. आठ-पंधरा दिवस टायर काळाभोर दिसतो आणि त्याच काळात तो उघडा पडलेला असतो.

आता उरलं जुनं इंजिन ऑइल. वापरलेलं ऑइल आपल्याकडे कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, आणि त्यात त्वचेला अपायकारक, कर्करोगाशी संबंध असलेली द्रव्यं असतात. मेसेज ते हाताने चोळायला सांगतो. शिवाय ते भिंतीवरून ओघळून रस्त्याला टेकणाऱ्या भागावर येतं आणि पकड जाते. स्कूटर-मोटरसायकलच्या बाबतीत तर पहिल्याच वळणावर घात. आणि त्याचे शिंतोडे ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर, उडाले तर तिला दाबून धरणारे ब्रेक पॅड तेल शोषतात. असे पॅड बरेचदा बदलावेच लागतात. पाचशे रुपये वाचवायला निघालेल्या माणसाचा ब्रेक जाणं ही काही लहान गोष्ट नाही.

निळ्या लिक्विडबद्दलही नीट सांगायला हवं, कारण ते लावल्यावर फरक दिसतो, आणि म्हणूनच लोक मेसेजवर विश्वास ठेवतात. चाकावरची जी काळी-तांबूस भुकटी साध्या साबणाने जात नाही, ती ब्रेकची असते. डिस्क आणि पॅड घासून लोखंडाचे बारीक तप्त कण उडतात, चाकावरच्या लॅकरच्या पारदर्शक थरात रुततात आणि तिथेच गंजतात. त्या लिक्विडमध्ये साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. बाटलीवर तसं छापलेलंही असतं. ॲसिड गंज विरघळवतं, हे खरं. पण ते गंजापाशी थांबत नाही. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, वर रंग, त्यावर पारदर्शक लॅकर. फुटपाथच्या कडेला चाक घासून एक बारीकसा ओरखडा जरी पडलेला असेल, तरी तिथून ॲसिड धातूपर्यंत पोचतं आणि तो खाऊ लागतं.

माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी चारही चाकांना हे केलं. त्या दिवशी चाकं छान दिसली. महिन्याभरात लॅकरच्या आतून पांढऱ्या, अळीसारख्या वळवळत्या रेषा पसरू लागल्या. रंगकाम करणाऱ्याने सांगितलं की आता लॅकर पूर्ण काढून चाकं पुन्हा रंगवावी लागतील. एका चाकाच्या रंगकामातच त्याचे वॉशिंग सेंटरचे कित्येक महिने निघाले असते. शिवाय हेच ॲसिड पाण्याबरोबर डिस्कवर, नटांवर, हवेच्या व्हॉल्व्हवर जातं. त्यात ‘जास्त स्वच्छ होईल’ म्हणून कुणी ब्लीच मिसळलं, तर क्लोरीन वायू निघतो. बंदिस्त पार्किंगमध्ये तो जीवावर बेतू शकतो.

‘मग ॲसिड नको तर सोडा वापरू’ असंही एकाने लिहिलं होतं. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमचं पातेलं कसं काळं पडतं, ते घरातल्या कुणालाही विचारा. हा धातू ॲसिडनेही खराब होतो आणि अल्कलीनेही. चिंच आणि कोल्ड्रिंकचेही सल्ले येतात. चिंच तांब्या-पितळेसाठी उत्तम, रंगवलेल्या चाकाला तिचा काही उपयोग नाही. कोल्ड्रिंकमध्ये ॲसिड थोडं आणि साखर भरपूर, त्यामुळे चाक चिकट होऊन धूळ जास्त धरतं.

रुतलेल्या लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा स्प्रे मिळतो. चाक धुऊन, थंड असताना मारायचा. लोखंड जिथे असेल तिथे तो जांभळा होऊन ओघळतो. त्यातलं मुख्य रसायन केस कुरळे करायच्या लोशनमध्येही वापरतात, म्हणून वास उग्र असतो. हातमोजे घालावेत, सुकू देऊ नये, चार-पाच मिनिटांत भरपूर पाण्याने धुवावं. वर्षातून दोन-तीनदा पुरतो.

तारेच्या घासणीवर फार लिहायला नको. लॅकरवर ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी मळ त्यातच बसतो.

गरम चाकावर पाणी मारणं तर अजिबात नको. कसारा घाट उतरून आलेल्या गाडीची डिस्क हात लावला तर चटका बसेल इतकी तापलेली असते. एकदम गार पाणी पडलं की तापलेल्या लोखंडावर ताण येतो. साबण घासायच्या आत सुकतो, आणि पाणी बोअरचं असेल तर क्षारांचे पांढरे डाग तिथेच पक्के होतात. अर्धा-पाऊण तास थांबा, सावलीत धुवा.

पाचशे रुपयांबद्दल मात्र मी मेसेजच्या बाजूने आहे. हे काम घरी उत्तम होतं. मी आधी चाकं धुते, मग गाडी, म्हणजे चाकाची घाण धुतलेल्या दारांवर उडत नाही. चाकांची बादली आणि फडकी वेगळी, कारण त्यात लोखंडाचे कण राहतात. एका वेळी एकच चाक. आधी नुसतं पाणी, मळ भिजेपर्यंत. कोकणातली तांबडी माती लवकर सुटते, आपल्याकडची काळी माती चिकट, तिला दोन-तीनदा भिजवावं लागतं. ही माती चाकाच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि कुणी पाहत नाही. मग हायवेवर स्टिअरिंग थरथरतं आणि आपण बॅलन्सिंग बिघडलं म्हणून दुकान गाठतो. हात आत घालून लांब दांड्याच्या ब्रशने ती काढा. चाकाला मऊ ब्रश आणि कार शाम्पू, टायरला कडक नायलॉनचा ब्रश. पहिला फेस तपकिरी येईल. धुवा, पुन्हा घासा. फेस पांढरा आला की टायर स्वच्छ झाला. प्रेशर वॉशर असेल तर नोझल निदान फूटभर लांब ठेवा, जवळून मारलेला झोत टायरची भिंत कापू शकतो.

चमक हवीच असेल तर पाण्यावर आधारित, दुधासारखं दिसणारं टायर ड्रेसिंग घ्या. स्पंजवर घेऊन फक्त भिंतीला लावा आणि दहा मिनिटांनी जादाचं पुसा. दुसऱ्या दिवशी डिस्कवर नारिंगी गंज दिसला तर घाबरू नका आणि त्यावर चुकूनही तेल घालू नका. तो वरवरचा असतो, थोडं चालवून ब्रेक दाबले की जातो. धुतल्यावर ओले ब्रेक कमी धरतात, म्हणून आवारातच सावकाश दोनदा दाबून पाहा.

राहिला ‘नव्यासारखा’ हा शब्द. टायरचं वय चमकेवर कळत नाही, भिंतीवरच्या चार आकड्यांवर कळतं. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. मोटारीच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा उथळ झाली तर टायर बदलायलाच हवा. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन विभागाला गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवून परत पाठवाव्या लागल्या होत्या. तेलाच्या थराखाली ना आकडे नीट वाचता येतात, ना भेगा दिसतात.

आमच्या सोसायटीत मेसेज करून पाहणाऱ्या दोघांपैकी एक, तिसऱ्या मजल्यावरचे काका. मागच्या रविवारी त्यांच्या गाडीचे टायर मी आणि त्यांच्या सुनेने मिळून धुतले. तीनदा फेस काढावा लागला. पुढच्या डाव्या टायरची भिंत स्वच्छ झाली तेव्हा तिच्यावर लिंबाएवढा फुगवटा दिसला. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटले की असा फुगवटा येतो, आणि असा टायर चालत्या गाडीत केव्हाही फुटू शकतो. काका त्याच आठवड्यात नातवंडांना घेऊन शिर्डीला निघणार होते. त्यांनी लगेच स्टेपनी चढवली आणि संध्याकाळी नवा टायर आणायला गेले.