‘टीएममधून पाच वजा करा’ हा सल्ला चुकीचा आहे

साइट-डायरेक्टेड म्युटाजेनेसिसची (जीनमधले ठरावीक बेस मुद्दाम बदलण्याची) एक सोपी यादी सगळीकडे फिरते आहे: सिक्वेन्स सॉफ्टवेअरमध्ये टाका, येतील ते प्रायमर (बदल घेऊन येणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवा, टीएममधून (प्रायमरची जोडी निम्मी सुटते त्या तापमानातून) ५ अंश वजा करून अनिलिंग (प्रायमर चिकटण्याचं तापमान) लावा, उरलेलं मूळ प्लाझ्मिड (जीन ठेवलेलं गोल डीएनए) डीपीएन-वन हे एन्झाइम साफ करेल, बदलाच्या जागेपुरतं सिक्वेन्सिंग पुरे. आमच्या लॅबमधल्या नव्या विद्यार्थिनीच्या वहीतही ती उतरलेली दिसली, म्हणून हे लिहावं लागतंय.

सगळ्यात घातक आहे ते ‘५ वजा’. एकाच प्रायमरचा टीएम प्रत्येक सूत्रानुसार वेगळा येतो. क्विकचेंज या म्युटाजेनेसिस किटचं सूत्र असं: ८१.५ + ०.४१ × जीसी (जी आणि सी बेसचे) टक्के − ६७५ ÷ लांबी − न जुळणाऱ्या बेसचे टक्के. ४० बेसचा प्रायमर, जीसी ५० टक्के, मधले २ बेस बदललेले, उत्तर ८०.१. किमान ७८ हवा, म्हणजे प्रायमर पास. पण याच पद्धतीत अनिलिंग ५५ अंशांना असतं! तिथे ७५ लावलंत तर एकमेकांना तंतोतंत पूरक असलेले दोन प्रायमर टेम्प्लेट (ज्याची नक्कल करायची ते डीएनए) सोडून आपसातच जुळतात आणि जेलवर काहीच दिसत नाही. उलट क्यू-फाइव्ह या दुसऱ्या किटच्या पाठीला-पाठ लावलेल्या प्रायमरांत फक्त ३′ (शेवटाकडच्या) बाजूच्या जुळणाऱ्या भागाचा टीएम धरतात आणि कमी असलेल्यात ३ मिळवतात. तिथे ५ वजा केले की ८ अंशांनी खाली गेलात, नको ते बँड आलेच.

आपसातली ही जुळणी टाळायची तर लिऊ आणि नेस्मिथ यांचा २००८चा, बीएमसी बायोटेक्नॉलॉजीमधला पेपर वाचा. प्रायमर अर्धवटच एकमेकांवर येऊ द्यायचे आणि न झाकलेल्या भागाचा टीएम झाकलेल्या भागापेक्षा ५ ते १० अंशांनी जास्त ठेवायचा.

डीपीएन-वन फक्त मेथिल गट लागलेला जीएटीसी हा बेसचा क्रम कापतं. प्लाझ्मिड डीएच-फाइव्ह-अल्फा या मेथिल लावणाऱ्या ई. कोलाय स्ट्रेनमधून काढलेलं असेल तर ठीक. जेएम-११०सारख्या डॅम (मेथिल लावणारं एन्झाइम) नसलेल्या स्ट्रेनमधलं असेल तर मूळ प्लाझ्मिडच्याच कॉलनी उगवतील.

हेअरपिन (प्रायमर स्वतःवरच दुमडणं) आणि कोडॉन (एका अमिनो आम्लाचे तीन बेस) सॉफ्टवेअर चटकन तपासतं, एवढं मान्य. पण अमिनो आम्लांचे क्रमांक ते तुम्ही दिलेल्या पहिल्या कोडॉनपासून मोजतं. पेपरमधले क्रमांक सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाच्या सुरुवातीचा, नंतर कापला जाणारा भाग) तुटल्यानंतरचे असले, किंवा तुमच्या जीनपुढे हिस-टॅग (प्रथिन शुद्ध करायला जोडलेली हिस्टिडीनांची माळ) असला, की भलतंच अमिनो आम्ल बदलतं. दोन्ही बाजूंची चार-चार अमिनो आम्लं जुळवल्याशिवाय प्रायमर मागवू नका.

सिक्वेन्सिंग मात्र पूर्ण जीनचं करा. लांब प्रायमरमध्ये एखादा बेस गळालेला असतो, कधी प्रायमरचाच तुकडा लागोपाठ दोनदा घुसलेला असतो, आणि पॉलिमरेजची (डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमची) चूक जीनमध्ये कुठेही होऊ शकते.