प्रथिने कमी म्हणजे पोषण कमी नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नेदरलँड्समधील वराहपालनावरील माझ्या लेखात डुकरांच्या खाद्यातील प्रथिने घटवून वाया जाणारा नायट्रोजन कमी करावा, असे मी सुचवले होते. त्यावर आपण तीन हरकती घेतल्या आहेत. खाद्यातील प्रथिने घटवली की डुकरांची वाढ खुंटते. बाहेर पडलेला नायट्रोजन खत म्हणून शेतातच जातो, मग तो वाया कसा. आणि खाद्यापेक्षा शेडची सुधारणा करणे अधिक शहाणपणाचे.

पहिल्या हरकतीत प्रथिने आणि ती ज्यांची बनतात ती अमिनो आम्ले यांची गल्लत झाली आहे. जनावराला प्रत्यक्षात लागतात ती लायसिन, थ्रिओनिन, मिथिओनिन, ट्रिप्टोफॅन यांसारखी अमिनो आम्ले, आणि तीही एकमेकांशी ठराविक प्रमाणात. मका आणि सोयाबीन पेंडीच्या खाद्यात सर्वप्रथम लायसिन अपुरे पडते. ती तूट नुसती पेंड वाढवून भरली, तर इतर अमिनो आम्ले गरजेपेक्षा जास्त होतात. ती साठवून ठेवण्याची सोय शरीरात नसल्याने यकृतात त्यांच्यातील नायट्रोजनचा युरिया होतो आणि तो मूत्रावाटे निघून जातो. म्हणून पेंड कमी करून जेवढे कमी पडेल तेवढेच लायसिन व इतर अमिनो आम्ले वेगळी मिसळली जातात.

हिशेबच मांडतो. ३० किलोचे डुक्कर ११० किलोचे होईपर्यंत २२० किलो खाद्य खाते, असे धरू. खाद्यात १७ टक्के प्रथिने असतील तर सुमारे ६ किलो नायट्रोजन पोटात जातो (प्रथिनांत तो साधारण १६ टक्के असतो). त्यांपैकी अंगी लागतो जेमतेम २.१ किलो, उरलेला ३.९ किलो बाहेर पडतो. प्रथिने १५ टक्क्यांवर आणून अमिनो आम्लांचा तोल राखला, तर बाहेर पडतो सुमारे ३.२ किलो. वाढ तीच, उत्सर्जन जवळपास अठरा टक्क्यांनी कमी.

खताबद्दल म्हणाल, तर मूत्रातील युरिया विष्ठेतील जिवाणूंच्या युरिएज या विकराच्या संपर्कात येताच त्याचा अमोनिया होऊ लागतो, आणि त्यातला बराचसा शेत गाठण्यापूर्वीच हवेत जातो. शिवाय युरोपीय संघाच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशानुसार पशुधनाच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलो नायट्रोजन ही सर्वसाधारण मर्यादा आहे. नेदरलँड्सच्या नॉर्थ ब्राबांटसारख्या डुकरांनी गजबजलेल्या प्रांतात तेवढी जमीन आणायची कुठून? तेथील शेतकरी खत उचलून नेण्यासाठी पदरचे पैसे मोजतात.

शेडमधील हवा धुणारी यंत्रणा मी नाकारत नाही. मात्र ती एकदा तयार झालेला अमोनिया पकडते, आणि तिचा वीजखर्च कायमचा मागे लागतो.

आपण न मांडलेली एक अडचण मात्र खरी आहे. जादा अमिनो आम्ले मोडण्यात खर्च होणारी ऊर्जा वाचली, की ती चरबीच्या रूपाने अंगावर चढू शकते. त्यामुळे असे खाद्य निव्वळ ऊर्जेच्या (पचन व चयापचयात खर्च होणारी वजा जाता उरणाऱ्या ऊर्जेच्या) हिशेबाने बसवावे लागते, आणि प्रथिने फारच खाली नेली तर व्हॅलिन आणि आयसोल्युसिन ही अमिनो आम्लेही मोजून घालावी लागतात.