ब्रेक लागतायत म्हणजे ब्रेक ठीक आहेत, असं नसतं

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. लिहिणाऱ्याला गाड्यांमधलं थोडंफार कळतं हे शब्दांवरून दिसतं, आणि म्हणूनच लोक तो खरा मानून पुढे पाठवतायत. मेसेज थोडक्यात असा: ब्रेकच्या रिकॉलची, म्हणजे कंपनीने सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्याची, नोटीस आली तर धावपळ करू नका. ब्रेक नीट लागत असतील तर तुमच्या गाडीत दोष नाही. सर्व्हिस सेंटरला गिऱ्हाईक आणण्यासाठी, जाहिरातीसाठी कंपन्या रिकॉल काढतात. तिथे नुसतं सॉफ्टवेअर मारून गाडी परत देतात आणि वर बिल लावतात. त्यापेक्षा ओळखीच्या मेकॅनिककडून पॅड बदलून घ्या. आणि पत्र आलं नसेल तर तुमची गाडी त्यात नाही, निश्चिंत राहा.

यातली एक तक्रार बऱ्याच अंशी खरी आहे, तिच्याकडे येतोच. बाकीचं चूक आहे, आणि ब्रेक लागतात म्हणजे दोष नाही, हे तर जिवावर बेतणारं आहे. म्हणून सुरुवात तिथूनच.

"ब्रेक नीट लागतात, म्हणजे दोष नाही."

मीही हेच धरून चाललो होतो. माझ्या गाडीच्या मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलपर्यंत पोचवणाऱ्या भागाचा, रिकॉल निघाला तेव्हा ती नोटीस पाच आठवडे टेबलाच्या खणात पडून होती. रोज गाडी चालवत होतो, रोज ब्रेक लागत होते. एकदाच, सिग्नलला थांबलेलो असताना, पेडल पायाखाली हळूच खाली सरकल्यासारखं वाटलं. पाय उचलून पुन्हा दाबलं तर पहिल्यासारखं कडक. भास झाला असेल म्हणून विषय सोडून दिला.

शेवटी गाडी नेली, तेव्हा तिथल्या मेकॅनिकने मला बाहेरच्या खुर्चीत न पाठवता ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. इंजिन चालू, गाडी जागेवर उभी. "पेडल हलकं दाबून धरा. जोर वाढवू नका, कमी करू नका. तीसपर्यंत मोजा." दहा-बारापर्यंत काहीच नाही. मग पेडल खाली जायला लागलं, इतकं सावकाश की मोजत नसतो तर लक्षातही आलं नसतं. तीस झाले तेव्हा ते दोन बोटं खाली गेलेलं होतं. ब्रेक ऑइलची टाकी मात्र भरलेली, जमिनीवर एक थेंब नाही. नवा सिलिंडर बसवून झाल्यावर त्याने जुना खोलला आणि आतलं रबरी सील माझ्या तळहातावर ठेवलं. कडेला एका जागी नखाएवढा भाग झिजून पातळ झाला होता. ऑइल बाहेर गळतच नव्हतं, त्या झिजलेल्या कडेवरून आतल्या आत मागे जात होतं. जोरात दाबलं की दाबाने सील फाकून घट्ट बसायचं आणि ब्रेक लागायचा. हलकं दाबून धरलं की ऑइल निसटायचं.

ते सील मी अजून ठेवलं आहे. वजन काहीच नाही त्याचं.

आजच्या गाड्यांमध्ये ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइनी असतात, एक गेली तरी दुसरी गाडी थांबवते. ही सोय जीव वाचवते, पण दोष लपवतेही. रोजच्या ट्रॅफिकमध्ये आपण ब्रेकची फार थोडी ताकद वापरतो, तेवढ्याला अधू ब्रेकही पुरतो. पूर्ण ताकद लागते ती कुणीतरी अचानक समोर आल्यावर. तोपर्यंत पायाला काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा वेळ गेलेली असते.

मोठ्या रिकॉलमध्येही हेच दिसतं. २०२२ मध्ये मर्सिडीजने २००४ ते २०१५ या काळात बनवलेल्या एमएल, जीएल आणि आर क्लासच्या जगभरातल्या जवळपास दहा लाख गाड्या परत बोलावल्या. ब्रेक बूस्टरवर, म्हणजे पायाचा जोर वाढवून देणाऱ्या भागावर, एक रबरी आवरण असतं. त्याच्याखाली ओल साचून बूस्टरचा पत्रा गंजत होता. बॉनेट उघडून पाहिलं तरी वरून रबरच दिसणार. फार गंजलेल्या बूस्टरवर जोरात ब्रेक मारला तर पेडल आणि ब्रेक यांचा संबंधच तुटू शकतो, हे कंपनीनेच सांगितलं आणि तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका असं मालकांना कळवलं. त्या मालकांपैकी कितीतरी जण आदल्या दिवसापर्यंत त्याच गाडीने कामावर जात असणार, ब्रेक नीट लागतायत म्हणून.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते या मुद्द्याला मुळातूनच खोटं पाडतं. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत मिळून सुमारे ३४ लाख गाड्या परत बोलावल्या. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटमध्ये ब्रेक ऑइल आतल्या आत गळून शॉर्टसर्किट होऊ शकत होतं. इंजिन बंद करून गाडी उभी केली असली तरी ती पेट घेऊ शकत होती. दुरुस्ती होईपर्यंत गाडी इमारतीपासून लांब, उघड्यावर उभी करा, अशी मालकांना सूचना होती. ब्रेक लागतायत की नाही, हा प्रश्नच तिथे गैरलागू होता.

"नुसतं सॉफ्टवेअर मारून देतात, म्हणजे दोष नव्हताच."

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत पेडल दाबलं की आधी मोटर गाडीचा वेग कमी करते आणि त्यातून बॅटरी भरते, मग गरजेप्रमाणे ऑइलच्या दाबाचे नेहमीचे ब्रेक लागतात. कधी कोणी किती ओढायचं, हे कंट्रोलर ठरवतो. म्हणजे सॉफ्टवेअर हा ब्रेकचाच भाग झाला, डिस्क आणि पॅड आहेत तसाच. २०१० मध्ये टोयोटाने प्रियस आणि इतर काही हायब्रिड मिळून चार लाखांहून जास्त गाड्या याच कारणासाठी बोलावल्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर एबीएस चालू होताना ब्रेकची पकड क्षणभर सुटल्यासारखी व्हायची. उपाय काय होता? एबीएसचं सॉफ्टवेअर बदलणं. स्पॅनर लागला नाही म्हणून दोष लहान ठरत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी अर्ध्या सेकंदात आठ मीटरहून जास्त पुढे जाते.

तुमच्या गाडीचं काम पंधरा मिनिटांत लॅपटॉप जोडून झालं, तर बरंच झालं. फक्त नवं व्हर्जन चढल्याची नोंद कागदावर घ्या.

"कंपन्या जाहिरातीसाठी रिकॉल काढतात."

हे वाचून मला खरंच राग आला, कारण इतिहास बरोबर उलटा आहे. कंपन्यांना रिकॉल नको असतो. तो टाळण्यासाठी त्यांनी काय काय केलंय, हे नोंदलेलं आहे. मित्सुबिशी मोटर्सने २००० साली जपानमध्ये कबूल केलं की गिऱ्हाइकांच्या तक्रारी वीसहून जास्त वर्षं सरकारपासून दडवून ठेवल्या आणि गाड्या गुपचूप दुरुस्त करून दिल्या. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण तर त्याहून भयंकर. चालू गाडीत किल्ली आपोआप मागे फिरायची, इंजिन बंद पडायचं, पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकला मिळणारी पॉवर जायची, धडकेत एअरबॅग उघडायची नाही. कंपनीतल्या लोकांना हा दोष दहाहून जास्त वर्षं माहीत होता. रिकॉल निघाला २०१४ मध्ये, सुमारे २६ लाख गाड्यांचा. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचं मान्य केलं. गाडी बोलावली म्हणून ही माणसं गेली नाहीत, वेळेवर बोलावली नाही म्हणून गेली.

आणि जाहिरातीचा फायदाच बघायचा तर सप्टेंबर २०२४ मधली बीएमडब्ल्यू बघा. बाहेरून घेतलेल्या ब्रेक यंत्रणेतल्या दोषामुळे सुमारे १५ लाख गाड्यांचा प्रश्न उभा राहिला. त्याच दिवशी कंपनीला वर्षाच्या नफ्याचा अंदाज खाली आणावा लागला, आणि दिलेल्या कारणांत हा दोषही होता. शेअर कोसळला. अशी जाहिरात कोण करून घेईल?

"वर बिल लावतात."

ही ती बरीचशी खरी तक्रार. रिकॉलचं काम फुकट असतं. अमेरिकेत गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून १५ वर्षांपर्यंत ते कायद्याने फुकट करून द्यावं लागतं, आणि भारतातही २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पण गाडी रॅम्पवर चढली की "साहेब, डिस्कही घासल्यात, वायपर बदलूया, व्हील अलाइनमेंट करून टाकूया" हे सुरू होतं, आणि संध्याकाळी माणूस बिल हातात घेऊन बाहेर पडतो. मग त्याच्या डोक्यात बसतं की रिकॉलला पैसे लागले.

यावर उपाय गाडी न नेणं हा नाही. आत जातानाच सांगा की आज फक्त रिकॉलचं काम. रिकॉलचा क्रमांक जॉबकार्डवर लिहून घ्या, खाली 'इतर काम विचारल्याशिवाय करू नये' असं लिहा, मगच सही करा. रिकॉलच्याच कामाचे पैसे मागितले तर नाही म्हणा आणि कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार करा. रिकॉल निघण्याआधी तोच भाग तुम्ही स्वतःच्या पैशांनी बदलला असेल, तर जुनं बिल शोधा. अनेक रिकॉलमध्ये ते पैसे परत मिळतात, पण मागितल्याशिवाय कुणी हातात ठेवत नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक तक्रार मीच जोडतो: पार्ट नसणं. नोटीस येते, आपण फोन करतो, तिकडून उत्तर येतं की पार्ट यायला दोन-तीन महिने लागतील. लोक इथेच वैतागून नाद सोडतात आणि मला त्यांचा वैताग पूर्ण समजतो. अशा वेळी एकच प्रश्न लेखी विचारा: तोपर्यंत ही गाडी चालवायची की नाही? तोंडी "चालवा हो, काही होत नाही" यावर जाऊ नका. उत्तर ईमेलवर मागा. चालवू नका असं असेल तर गाडी टो करून न्यायची आणि काम होईपर्यंत दुसऱ्या गाडीची सोय मागा. मिळेलच असं नाही, पण ज्यांना मिळते ते मागणारेच असतात.

"ओळखीच्या मेकॅनिककडून पॅड बदलून घ्या."

पॅड झिजणं हे ब्रेकचं रोजचं म्हातारपण आहे. रिकॉल निघतो तो घडणीतल्या चुकीसाठी: सील, बूस्टर, एबीएस युनिट, एखादा बोल्ट. नवे पॅड घातल्याने माझ्या मास्टर सिलिंडरचं काही बिघडलं नसतं आणि सुधारलंही नसतं. ओळखीचा मेकॅनिक कितीही हुशार असो, कंपनीने सुधारून बनवलेला पार्ट आणि सॉफ्टवेअर त्याच्याकडे नसतं. शिवाय त्याने काही केलं तरी कंपनीच्या नोंदीत तुमचा रिकॉल बाकीच राहतो.

"पत्र आलं नाही, म्हणजे आपली गाडी त्यात नाही."

पत्र नोंदीतल्या पत्त्यावर जातं. घर बदललं, नंबर बदलला, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेली, की पत्र जुन्या मालकाच्या दारात. म्हणून पत्राची वाट न बघता गाडीचा १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन, म्हणजे चेसिस नंबर, तपासावा. तो नोंदणीच्या कागदावर असतो, बहुतेक गाड्यांत समोरच्या काचेखाली कोपऱ्यातही दिसतो. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या साइटवर तो टाकून बाकी असलेला रिकॉल बघता येतो. अमेरिकेत तर २०१४ पासून सरकारी साइटवरच ही सोय आहे.

मला हा मेसेज पाठवणाऱ्या चौघांत माझा मोठा चुलतभाऊ होता. त्याची गाडी सेकंडहँड. मी फोन करून म्हटलं, "दादा, बाकी सगळं राहू दे, आधी नंबर वाच." तो रात्री टॉर्च घेऊन खाली गेला आणि काचेवरून एकेक अक्षर वाचायला लागला. मधे एका जागी त्याने ओ सांगितला. व्हीआयएनमध्ये ओ हे अक्षर वापरतच नाहीत, शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. तिथे शून्य टाकला आणि पान उघडलं. दोन रिकॉल बाकी होते. एक मागच्या दाराच्या कुलपाचा, दुसरा ब्रेक बूस्टरचा, दोन्ही आधीच्या मालकाच्या वेळचे.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "परवाच पोरांना घेऊन घाटातून आलो."

शनिवारची वेळ मिळाली आहे. तोवर गाडी खालीच उभी आहे आणि दादा बसने जातोय.