बेस हाय

"सध्या काय करून राह्यला रे?" पानठेल्यावर एका रिटायर मास्तरांनी विचारलं.

"बेस शिकून राह्यलो काका."

"ते त बेसच हाय. पण शिकून काय राह्यला?"

आमच्या वऱ्हाडात 'बेस' म्हणजे चांगलं, झकास. पाऊस बेस झाला, भाजी बेस झाली, पोरीला स्थळ बेस भेटलं. त्यामुळे मी शिकत असलेल्या वाद्याचं, म्हणजे खालच्या सुरांच्या बेस गिटारचं, नाव सांगितलं की ऐकणाऱ्याला ते नाव न वाटता माझंच मत वाटतं. मास्तरांना समजावता समजावता माझा खर्रा संपला. शेवटी पलीकडे उभं असलेलं एक पोट्टं मदतीला धावलं, "अहो, बेस म्हंजे डीजेचा बेस! दादानं डीजेची गाडी घेतली!" झालं. पुढच्या आठ दिवसांत लग्नाची तारीख धरायला तीन जण दुकानात येऊन गेले. एकाने तर सोयाबीनचं बियाणं घेता घेता आगाऊ पाचशे रुपये काढले.

माझं कृषी केंद्र आहे. मोर्शी तालुका, संत्र्याचा पट्टा. वय सत्तेचाळीस. या तिन्हींचा बेस गिटारशी काडीचा संबंध नाही, हे मला घरच्यांनी, दारच्यांनी आणि एका एसटी कंडक्टरने वेगवेगळ्या शब्दांत सांगून झालं आहे.

गिटार भाच्याची. त्याने ती पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला घेतली, दुसऱ्या वर्षाला त्याचे विषय राहिले आणि तिसऱ्या वर्षाला त्याच्या आईने ती मामाकडे रवाना केली. काळ्या पिशवीतलं जवळजवळ चार फुटांचं ते धूड घेऊन मी अमरावतीच्या स्टँडवर एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "फवारनीचा पंप असन त मागं ठेवा, औषधाचा वास येते." वाद्य आहे म्हटल्यावर त्याने पिशवी चाचपली आणि लगेजचं तिकीट फाडलं. पंपाला फाडलं नसतं, असं मला अजूनही वाटतं.

ऑनलाइन कोर्स घेतला तो मार्चमधल्या एका रात्री साडेबाराला. सवलत संपायला अकरा मिनिटं होती. जाहिरातीत दोन वाक्यं होती, 'आपल्या गतीने शिका' आणि 'आजीवन प्रवेश'. पहिलं वाचून मला भरूनच आलं. आयुष्यात मला माझ्या गतीने कोणी काही करू दिलेलं नाही. पेरणीची घाई पाऊस करतो, वसुलीची बँक करते, आणि माल उचलायची घाई खत कंपनीचा पोरगा करतो. इथे कॅलिफोर्नियातला कोणी टकला माणूस हसून म्हणत होता की बाबा, तुझं तू पाहा.

दुसऱ्या वाक्यावर सकाळी आमच्या बाबांनी बाजेवरून एकच प्रश्न विचारला.

"आजीवन म्हंजे कोनाच्या जीवनाचं? तुह्या का त्याच्या?"

मी रात्री बारीक अक्षरातल्या अटी उघडून पाहिल्या. कंपनीच्या जीवनाचं.

पहिला धडा सुरू केला. टकला सर प्रसन्न मुद्रेने बसले, 'ही आपली सर्वांत जाड तार, ई' असं इंग्रजीत म्हणाले आणि त्यांनी ती छेडली. आवाज आला नाही. मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवला. सरांचं बोलणं शेजाऱ्यांना ऐकू जाऊ लागलं, तार मात्र मुकीच. नख लागल्याची बारीक टिकटिक तेवढी येई. चार दिवस मी एका गोऱ्या माणसाला अत्यंत तल्लीन होऊन काहीही न वाजवताना पाहत होतो. तक्रार लिहिली. उत्तर आलं, कृपया हेडफोन वापरा. मग कळलं की ती ई तार सेकंदाला जेमतेम एक्केचाळीस वेळा थरथरते, साध्या गिटारच्या जाड तारेच्याही एक सप्तक खाली. आणि एवढा खालचा सूर मोबाइलच्या चिंचोक्याएवढ्या स्पीकरच्या घशातून निघतच नाही. म्हणजे माझं पहिलं प्रकरण ऐकूच न येता झालं होतं. कोर्सने मात्र ते 'पूर्ण' धरलं. मी पण धरलं.

सरांचं इंग्रजी हा पुढचा डोंगर. तो एका बटणाने सुटला. व्हिडिओचा वेग निम्मा करता येतो. निम्म्या वेगात सर मोहाची घेतल्यासारखे बोलतात, पण शब्दन् शब्द कळतो. तेव्हापासून मी सगळा कोर्स त्या वेगाने पाहतो. तोटा एवढाच की त्यांनी जे सहज वाजवावं असं म्हणून दाखवलेलं असतं ते मी निम्म्या वेगाने शिकतो, आणि मग तेच मूळ वेगात ऐकलं की वाटतं, हा दुसराच कोणीतरी वाजवतोय.

बोटांची गोष्ट वेगळीच. या गिटारवर पडदे, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, इतके लांब लांब असतात की पहिले चार पडदे गाठायलाच सात इंच लागतात. एका पडद्याला एक बोट, असा नियम. म्हणजे चौथा पडदा करंगळीच्या वाट्याला. माझ्या करंगळीने सत्तेचाळीस वर्षांत बशी धरताना वर उभं राहण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. तिला अचानक कामाला लावल्यावर तिने जे केलं ते आमच्या सालदारानेही केलं नसतं. ती बसली. उठेचना. उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आले, तेव्हा दुकानात एक म्हातारे गिऱ्हाईक ते निरखून म्हणाले, "कोनतं औषध मारलं भाऊ? हातमोजे घालत जा ना. दुसऱ्याले सांगता अन् सोता..."

उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीने चालवायची, यावर सरांनी तीन धडे खर्च केले आहेत. माझं मधलं बोट पाळी आली की विचारात पडतं. अशा वेळी मला डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन आठवतो. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत वाजलेला बेस त्याचा, आणि तो गडी उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा. त्या बोटाला 'हूक' म्हणत. शिवाय तार तुटल्याशिवाय तो बदलत नसे. मी त्याचे हे दोन्ही गुण आत्मसात केले आहेत. बाकीचे राहिले आहेत.

मुळात हे वाद्य बाजारात रुळवलं लिओ फेंडर नावाच्या माणसाने, 1951 सालापासून. त्याचा मूळचा धंदा रेडिओ दुरुस्तीचा आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हे वाचून मला तो फार जवळचा वाटला. त्याआधी बेस म्हणजे माणसाएवढा उभा, पडदे नसलेला डबल बेस, त्यावर सूर अंदाजाने शोधायचा. याने पडदे बसवले, बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी सूर नेमका लागावा म्हणून. म्हणूनच त्या गिटारचं नाव प्रिसिजन. फेंडरने सगळी सोय केली होती. बोट कोणत्या पडद्यावर टाकायचं, एवढंच त्याने माझ्यावर सोडलं.

सूर लावण्याचं प्रकरण मात्र मी माझ्या हिमतीवर सोडवायला गेलो. मोबाइलमध्ये सूर दाखवणारं ॲप आहे, पण लाइट नसली की मोबाइल मरतो. एका संध्याकाळी वावरात गिटार नेली होती (घरात पाहुणे होते). धुऱ्यावरची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, गुणगुणत होती. सहज 'जी' नावाची तार छेडली, आणि अंगावर काटा आला. डीपी माझ्याच सुरात! वायरमनला विचारलं. तो म्हणाला, लाइन पन्नास हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास फेऱ्यांची, पण आतल्या लोखंडी पत्र्या प्रत्येक फेरीत दोनदा ताणतात, म्हणून डीपीचा आवाज शंभरचा. बेसची मोकळी, म्हणजे पडदा न दाबता छेडलेली, 'जी' तार असते अठ्ठ्याण्णवची. दोनच तर कमी! मी म्हटलं, आता ॲप कशाला पाहिजे. महिनाभर धुऱ्यावर जाऊन मी 'जी' तार डीपीला लावत होतो आणि तिच्यावरून बाकीच्या तीन. घरी येऊन सरांसोबत वाजवायला बसलं की दोघांचं जमेना. सर म्हणत उतर, डीपी म्हणे चढ. मी डीपीचं ऐकलं, कारण ती आपल्या गावची. नंतर कळलं, देशाच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी पन्नासवरून एकोणपन्नासवर आली तर डीपी आणि सर यांचं बरोबर एकमत होईल. पण तेवढी खाली येईस्तोवर लाइट गेलेली असते.

एप्रिल-मे आमच्याकडे काय असतो ते अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. पंचेचाळीसच्या वर पारा. कूलर लावला तर गिटार ऐकू येत नाही, बंद केला तर वाजवणारा उरत नाही. मी गिटार कूलरसमोरच ठेवली. पंधरा दिवस ओल खाऊन तिची मान वाकली, तारा पडद्यापासून बोटभर वर उठल्या. मानेच्या आत एक पोलादी कांडी असते, तिला किल्लीने पाव आटा फिरवायचा असतो, असं सर म्हणाले. किल्ली भाच्याने पुण्यातच ठेवलेली. गावच्या सुताराकडे नेली. त्याने एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली आणि म्हणाला, "वाकली हाय खरी. रंधा मारून देऊ का?" गिटार उचलून मी जो पळालो तो घरीच येऊन थांबलो.

सात जूनला मृग लागला आणि कोर्स आपोआप थांबला. दुकानासमोर बियाण्याची रांग लागल्यावर माणूस आपल्या गतीने जेवू पण शकत नाही. त्या काळात कोर्सवाल्यांची दर आठवड्याला मेल येई, 'तुमची आठवण येते', 'तुम्ही 11 टक्क्यांवर थांबला आहात'. आमच्या सोसायटीचं कर्ज थकलं तरी कोणी इतक्या मायेने आठवण काढत नाही.

घरात दोन परीक्षक आहेत, हे मला उशिरा कळलं. पहिले बाबा. तुकडोजी महाराजांच्या मोझरीला जाऊन आलेले, पन्नास वर्षं भजनात खंजिरी वाजवणारे. मी मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, लावून मिनिटाला साठ ठोक्यांवर वाजवत होतो. बाबा बाजेच्या ठाव्यावर बोटाने ठेका धरून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "मशीन बराबर हाय. तूच मांगं राहून राह्यला." मग चार तारांकडे पाहून म्हणाले, "एकतारीत अख्खं भजन निंगते. तुले चार कायले लागतात?" याचं उत्तर कोर्समध्ये नाही.

दुसरी परीक्षक बायको, आणि तिचं शिक्षण अपघाताने झालं. भजनी मंडळाचा स्पीकरचा मोठा बॉक्स आमच्याकडेच ठेवलेला असतो. पावसाळ्यात एका दुपारी मी गिटार त्याला जोडली. मोकळी ई छेडली आणि स्वयंपाकघरातून भांडं पडल्यासारखा आवाज आला.

"काय पाडलं?" बायको ओरडली.

काही पडलं नव्हतं. फळीवरचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, आपल्या आपण झणझणत होता. ए वाजवली, तर साखरेच्या डब्याचं झाकण बोललं. डी ला खिडकीची काच. जी ला मांडणीतली ताटं. ई तारेच्या तिसऱ्या पडद्याला गोठ्यावरचा टीन असा काही थरथरला की म्हैस रवंथ थांबवून वर पाहायला लागली. मी घाबरून बंद केलं. पण बायकोला यात गोडी वाटली. ती फळीपाशी उभी राहून म्हणे, "पुन्हा वाजवा. आता तो नाई, त्याच्या बाजूचा."

आठवडाभरात ती पोळ्या लाटता लाटता सुरांची नावं सांगायला लागली. मला कागदावर पाहून जे सापडत नाही, ते तिला डब्यांवरून सापडतं. "आता ए होता ना? मंग झाकन काहून नाई वाजलं?" म्हणजे मी चुकलेलो असतो. तिने आणखी एक शोध लावला. डबा भरलेला असला की गप्प असतो, रिकामा होत आला की वाजायला लागतो. नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी दुसऱ्या पडद्यावर अडखळत होतो, तेव्हा आतून आवाज आला, "बेसन संपत आलं वाटते." संपत आलंच होतं.

परवा तिसऱ्या प्रकरणाची परीक्षा होती. चार मात्रांची एक ओळ आठ वेळा न थांबता वाजवायची, आणि मग आपणच आपल्याला गुण द्यायचे. मी वाजवली. मला बरी वाटली. 'पूर्ण' या चौकोनावर बोट नेलं.

"पाचव्यांदा गंज नाई वाजला," आतून आवाज आला.

"अन् सहाव्यांदा लवकर आला," बाजेवरून आवाज आला.

पुन्हा वाजवली. पुन्हा गंज. पुन्हा बाज. चौथ्या वेळी दोघंही गप्प राहिले. मी पाच मिनिटं वाट पाहिली, कोणी काही म्हणेना, तेव्हा चौकोनावर खूण केली. एकोणीस टक्के.

तेवढ्यात बायको हातात थैली घेऊन दारात आली. "आता बराबर झालं. पन तुरीच्या डाळीचा डबा पन वाजून राह्यला. किराण्यातून आना."

मी गिटार भिंतीला टेकवली, चपला घातल्या.

"थांबा," ती म्हणाली. "साखर पन पाहून जा. तिची कोनती तार होती?"

"ए."

"वाजवा."

मी चपला काढल्या, बसलो आणि ए वाजवली. फळीवर शांतता होती.

"हाय साखर," ती म्हणाली. "जा आता."